तोंडी तक्रार घेतली जात नाही

मी आयुष्यात दोनदाच जीव मुठीत धरून मागे सरलो आहे. एकदा दावं तोडून आलेल्या बैलापुढून आणि एकदा माझ्या स्वतःच्या घराच्या दारातून. बैल निदान शिंगं दाखवून आला होता. दुसऱ्या वेळी दारात उभा होता तो जेमतेम पाच फुटांचा, खांद्याला काळी पिशवी अडकवलेला, भुवयांचं छप्पर डोळ्यांवर ओढून घेतलेला एक माणूस. तो घंटी वाजवत नव्हता, तिचा गळा दाबून तिच्याकडून गुन्हा कबूल करून घेत होता. मी दार उघडलं तरी अंगठा निघेना. समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडलं, वरच्या मजल्यावरून कोणीतरी 'आग लागली का?' म्हणून ओरडलं, खाली रस्त्यावर एका सायकलवाल्यानं पाय टेकला. मला नखशिखांत न्याहाळून झाल्यावर मगच त्यानं अंगठा काढला.

"आवाज तुमचाच गेलाय ना?" तो गरजला.

त्या क्षणी माझा खरोखरच गेला होता. मी मान डोलावली.

त्यानं पिशवीतून एक पॅड काढलं, माझ्या छातीवर टेकवलं आणि वर पेन ठेवलं. "लिहा."

"अहो, त्यात लिहायचं काय? कॉम्प्युटरचा आवाज..."

"तोंडी तक्रार घेतली जात नाही. लिहा."

पॅडवर छापलेला मजकूर होता. नाव. पत्ता. मग 'काय होतंय?' आणि त्यापुढे दोन ओळी. त्याखाली 'याआधी कोणी हात लावला?' आणि त्यापुढे आठ ओळी. तळाशी ठळक अक्षरांत 'खोटं लिहू नये.' मी लग्नाच्या नोंदणीचा अर्ज भरला आहे, तेव्हाही माझा हात इतका कापला नव्हता.

कापणारच. कारण हात मीच लावला होता.

आमच्या घरात आवाजाला फार मान आहे. बायको घरी बसून टायपिंग करते. निरनिराळ्या कंपन्यांच्या बैठका, चौकशा, मुलाखती यांची रेकॉर्डिंग तिच्याकडे येतात. ती ऐकून शब्दन् शब्द उतरवते आणि दुपारी चारच्या आत परत पाठवते. मध्येच कोण खोकलं तेसुद्धा ती कंसात लिहिते. तिचे कान असे, की मी स्वयंपाकघरात डब्याचं झाकण काढलं तर आतल्या खोलीतून 'तो नव्हे, बाजूचा' असं ऐकू येतं. हेडफोन मात्र तिला सोसत नाहीत, दहा मिनिटांत कान लालबुंद होतात. म्हणून टेबलावर स्पीकरची जोडी. रविवारी ती जोडी मुकी झाली. सोमवारचं काम चुकलं. लागोपाठ दोनदा काम चुकलं की ते दुसऱ्या कोणाकडे जातं, असा त्या लोकांचा नियम. आज मंगळवार होता.

मधल्या दोन दिवसांत एक नवरा म्हणून जे जे करणं शक्य होतं ते मी केलं होतं. 'खोटं लिहू नये'कडे बघत मी ते सगळं लिहिलं. आठ ओळी पुरल्या नाहीत, समासात लिहावं लागलं.

त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला आणि भर दारात मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "'सगळ्या वायरी काढून परत लावल्या.' कुठल्या कुठे? माहीत नाही. 'कॉम्प्युटर अकरा वेळा बंद करून चालू केला.' बारावी वेळ राहिली! 'स्पीकर थोपटले.' का, झोपत नव्हते? 'केस वाळवायच्या यंत्रानं गरम हवा दिली.'" इथं तो थांबला. "सर्दी झाली होती?"

समोरच्या बिऱ्हाडातलं दार आता पूर्ण उघडलं होतं.

"आत चला," तो मला माझ्याच घरात बोलावत म्हणाला. "मी काम करताना कोणी बोलायचं नाही. बोललात की मी उठलो."

"कोण समजतो हा स्वतःला?" बायको त्याच्या पाठीमागून म्हणाली. ती हे हळू म्हणाली नव्हती. तो वळलासुद्धा नाही. मी तेव्हा मनात म्हटलं, माणूस उद्धट आहे, पण मोठ्या मनाचा दिसतो.

तो टेबलाखाली शिरला. बॅटरी दातात धरून त्यानं डब्याच्या मागच्या सगळ्या पिना तपासल्या. मी हिरव्या भोकातली पिन गुलाबी भोकात घातली होती, ती त्यानं बाहेर काढून मला दाखवली, एखाद्या पोराच्या खिशातून विडी काढून बापाला दाखवावी तशी. मग वर येऊन एक स्पीकर त्यानं डाव्या तळहातावर ठेवला, डोळे मिटले आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा बसून राहिला. नाडी लागत नव्हती. त्यानं डोळे उघडले, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या भोंग्याच्या चित्रावर माउस नेला, काहीतरी उघडलं आणि सावकाश आमच्याकडे वळला.

"हा पडदा कधी आणला?"

आम्ही गप्प. बोलायची बंदी होती.

"विचारतोय मी!"

"रविवारी," बायको म्हणाली. तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मला ते मुळीच आवडलं नाही.

"आवाज कधी गेला?"

"रविवारी."

"पडदा रविवारी आला. आवाज रविवारी गेला. आणि हे एकापुढे एक मांडून बघायला तिसऱ्या गल्लीतून माणूस बोलवावा लागतो! या पडद्याला स्पीकर आहेत?"

"नाहीत."

"नाहीत! नव्या वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो. नवीन पाहुणा दिसला की सगळं त्याच्याच पानात वाढायचं, ही मशीनची अक्कल. तीन दिवस तुमचा आवाज या बिनतोंड्याला भरवतंय ते. आणि तुम्ही थोपटताय!"

त्यानं यादीतून स्पीकरचं नाव निवडलं आणि बटण दाबलं. आता, मी आधीच शक्य तिथले सगळे आवाज शेवटपर्यंत वाढवून ठेवले होते. कुठल्याशा कंपनीचा अधिकारी 'मला हे मुळीच मान्य नाही!' असं आमच्या खोलीत जे ओरडला, त्यानं बायको खुर्चीवरून उठली, मी खिडकीचा पडदा धरला आणि शेजारी काहीतरी काचेचं फुटलं. स्पीकर त्याच्या कानापासून वीतभरही नव्हता. त्याचा केसही हलला नाही. तळहात स्पीकरवर ठेवून तो शांतपणे म्हणाला, "आला."

जाताना दारात त्यानं उपदेश केला. "पुन्हा हात लावलात तर मला बोलवू नका. बोलावलंत तर हात लावला असं लिहा."

त्या दिवशीचं काम चारला पाच मिनिटं असताना गेलं. आणि त्याच संध्याकाळी मी त्याचं नाव फुरसं ठेवलं. फुरसं म्हणजे हातभर लांबीचा साप. तो अंगावरचे खवले घासून खरखर करतो आणि आपल्या उंचीचा विचार न करता समोरच्यावर झेप घेतो. नाव इतकं चपखल बसलं, की आठवड्याभरात ते आमच्या मजल्यावर आणि महिन्याभरात गल्लीत रुळलं.

फुरशाचं दुकान लाँड्री आणि टायरवाला यांच्या मधल्या फटीत होतं. फट म्हणजे फटच. दोन गिऱ्हाइकं आत गेली तर पहिल्याला बाहेर काढण्यासाठी दुसऱ्याला बाहेर यावं लागे. गल्ल्यावर त्याची थोरली बहीण बसे. सगळी गल्ली तिला ताई म्हणे. फोन तीच घ्यायची, तक्रार कागदावर लिहून घ्यायची आणि मग लाकडी पट्टी फळीवर दाणकन हाणायची. फळीच्या दुसऱ्या टोकाला काम करणारा फुरसं मान वर करायचा आणि ती कागद नाकासमोर धरायची. "हाक मारली तर ओ देत नाही मेला," ती गिऱ्हाइकाला सांगायची. "लहानपणापासून माजलाय."

टेपरेकॉर्डरच्या जमान्यापासून त्यानं आवाजाखेरीज दुसरं काही दुरुस्त केलं नव्हतं. कॉम्प्युटर आले तेव्हा त्यातलंही तेवढंच घेतलं. आवाज गेला असेल तर फुरसं, बाकी काहीही झालं असेल तर दुसरीकडे जा. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांच्या स्पीकरचा स्वतःचा स्विच बंद होता, तो खाली करून फुरशानं कागदावर निदान लिहून दिलं: 'स्विच बंद होता. डोकंही.' हेडमास्तरांनी त्या कागदावर लाल शाईनं 'भाषा सुधारा' असा शेरा मारून तो परत पाठवला. फुरशानं तो दुकानात चिकटवून ठेवला, खाली लिहिलं: 'मशीन सुधारलं.'

एवढं असूनही लोक त्यालाच बोलवायचे. कारण धडधाकट वस्तू मेलेली ठरवून नवी गळ्यात मारणं हे त्याला जमतच नव्हतं. "याला काही झालेलं नाही. याच्या मालकाला झालंय," हे त्याचं ठरलेलं वाक्य. पण एकेकट्या घरांच्या जिवावर दुकान चालत नाही. त्याचं दुकान उभं होतं ते चौकातल्या भाषा शिकवणाऱ्या संस्थेवर. तिथं तीस कॉम्प्युटर आणि तीस हेडफोन होते. मुलं कानाला लावून परक्या भाषेतले उच्चार गिरवायची. सगळी देखभाल वर्षाच्या कराराने फुरशाकडे. "ते काम आहे तोवर आमचं शटर वर आहे," ताई म्हणायची.

दोन वर्षांनी आमचा आवाज पुन्हा गेला. गुरुवार, दुपारचा सव्वा वाजलेला, चारला पाठवायचं रेकॉर्डिंग अर्धं बाकी. या खेपेला मी कशालाही हात लावला नव्हता, आणि आठ ओळींपुढे 'कोणीही नाही' असं लिहिताना माझी छाती भरून आली होती. फुरशानं ते वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला स्वतःचीच शंका आली.

तो बसला. भोंग्याचं चित्र बघितलं, यादी बघितली, स्पीकरचं नाव जागच्या जागी होतं. रेकॉर्डिंग सुरू केलं. पडद्यावरची हिरवी पट्टी नाचायला लागली, म्हणजे कॉम्प्युटर आपल्या परीनं बोलत होता. फुरशानं स्पीकरवर तळहात ठेवला, डोळे मिटले, मग उघडून आमच्याकडे वळला आणि म्हणाला, "आहे की आवाज."

खोलीत आवाज म्हणाल तर एकच होता. पलीकडच्या बाल्कनीत आमचं कपडे धुण्याचं यंत्र शेवटचा पिळा काढत धडधडत होतं. ते पिळायला लागलं की भिंत थरथरते आणि भिंतीला टेकलेलं टेबलही.

"कुठाय आवाज?" बायको म्हणाली.

"हिरवी पट्टी हलतेय. दिसत नाही?"

"पट्टी दिसतेय. आवाज नाही."

"माझ्या हाताला लागतोय आवाज! स्पीकर थरथरतोय! बाई, मशीन ठीक आहे. तुम्ही कान तपासून घ्या."

माझ्या बायकोला तुम्ही काळी म्हणा, बुटकी म्हणा, तिच्या माहेरचा उद्धार करा, ती हसून सोडून देईल. कानांना बोलायचं नाही. ती उठली. मला वाटलं आता पोळपाट येतो. पण ती बाल्कनीत गेली आणि तिनं कपड्यांचं यंत्र बंद केलं.

टेबल थांबलं. फुरशाचा हात स्पीकरवर तसाच होता. हिरवी पट्टी नाचत होती आणि हाताखाली काही नव्हतं. त्यानं हात उचलून पुन्हा ठेवला. मग दुसरा हात ठेवला.

बायको त्याच्या पाठीमागे येऊन उभी राहिली होती. रोजच्या बोलण्याच्या आवाजात ती म्हणाली, "तुमच्या पाठीवर पाल आहे."

मी कॉटवर चढलो. फुरसं जागचा हलला नाही.

"मोठी आहे," ती म्हणाली. "मानेकडे चाललीय."

नाही म्हणजे नाही. सापाला कान नसतात हे मला शाळेत शिकवलं होतं. नाव ठेवताना आठवलं नव्हतं.

ती वळसा घालून त्याच्यासमोर आली. त्याचंच पॅड उचललं आणि नवा कागद भरला. काय होतंय? 'तुम्हाला ऐकू येत नाही.' याआधी कोणी हात लावला? 'कोणीही नाही.' आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

त्यानं वाचला. मग पॅडवरून फाडून त्याचे चार तुकडे केले, खिशात घातले आणि हत्यारं भरायला लागला. "असल्या घरात मी काम करत नाही," तो म्हणाला. दारापर्यंत गेला. चप्पल घातली. एक घातली. दुसरी पायात अडकवता अडकवता त्यानं न वळता विचारलं, "किती जणांना सांगणार?"

बायकोनं पुढे जाऊन त्याला खांद्याला धरून वळवलं, म्हणजे त्याला तिचं तोंड दिसावं. "आधी माझा आवाज," ती म्हणाली. "मग बघू."

त्यानं चप्पल काढली. आपल्या हातावरचा विश्वास उडालेला माणूस कसं काम करतो ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यानं एकेक वायर बोटांनी चाचपत नेली आणि स्पीकरच्या पोटाशी ती आतल्या आत तुटलेली शोधून काढली. टेबलाच्या कडेवर रोज घासून घासून गेली होती. ती सोलून, पिळून, पट्टी लावून त्यानं जोडली. मग पहिल्यांदाच आमच्याकडे बघून, विचारल्यासारखं म्हणाला, "आला?"

"आला," बायको म्हणाली. "आणि तुम्ही वसकन अंगावर येता ना, ते आत्ता कळलं. समोरचा बोलायला लागायच्या आत त्याला गप्प करायचं."

"तुम्हाला काय करायचंय?" तो खेकसला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आली. फुरशाच्या खिशातले कागदाचे चार तुकडे तिनं जुळवून वाचले होते. चहा नको म्हणाली, घोटभर घेते म्हणाली आणि दोन कप प्याली.

"तुला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"कसं कळणार? कधी कुणाचं ऐकलंय त्यानं? कान गेले काय नि राहिले काय, फरक काय पडला? चार वर्षांपूर्वी मी त्याच्यामागे पातेल्यांची उतरंड पाडली तेव्हा समजलं. डॉक्टरकडे चल म्हटलं तर मलाच म्हणतो, तू हल्ली पुटपुटतेस." तिनं कप खाली ठेवला आणि बायकोकडे वळली. "पुढच्या सोमवारी संस्थेची वार्षिक तपासणी आहे. तीस हेडफोन. स्पीकरवर हात तरी ठेवता येतो, हेडफोनमध्ये काय लागणार हाताला? गेल्या वर्षी त्यानं नुसत्या पट्ट्या बघितल्या, पाच हेडफोन एका कानानं मुके निघाले. संस्थेच्या बाई म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर करार दुसऱ्याला. तू चल त्याच्याबरोबर."

"मी? त्या माणसाबरोबर?"

"मी गेले असते गं. पण तिसऱ्या मशीनपर्यंत आमच्यातला एकच जण जिवंत राहील."

बायकोनं नाही म्हणून सांगितलं. तिनं ते चार वेळा सांगितलं, आणि सोमवारी सकाळी साडेनऊला आम्ही संस्थेच्या पायऱ्या चढत होतो. पुढे फुरसं, मागे बायको, सर्वांत मागे पिशवी घेऊन मी.

लांबच लांब खोली. दोन्ही भिंतींना पंधरा-पंधरा कॉम्प्युटर, प्रत्येकासमोर निळी खुर्ची, प्रत्येक पडद्यावर चिकटपट्टीनं डकवलेला नंबर. संस्थेच्या बाई दाराशी टेबल मांडून बसल्या होत्या. चष्म्याची साखळी, हातात तीस रकाने आखलेला तक्ता.

"या कोण?" त्यांनी विचारलं.

फुरसं त्यांच्या ओठांकडे बघत होता. "शिकायला आलीये," तो म्हणाला. "डोकं बेताचं आहे. कान बरे आहेत."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत त्या माणसाचं पुढच्या सात जन्मांचं भविष्य होतं.

खुणा ठरल्या होत्या. तिनं हेडफोन घालायचा, त्यानं आवाज सुरू करायचा. डावीकडून ऐकू आलं तर डावा हात टेबलावर, उजवीकडून आलं तर उजवा. दोन्ही हात दिसले की पुढचं मशीन. पहिल्या सहांपर्यंत सगळं सुरळीत झालं. सातव्याला तिनं नुसता उजवा ठेवला. त्यानं मान हलवली, 'दोन्ही आहेत'. तिनं पुन्हा उजवा आपटला. त्यानं पिन उपसून तिच्या नाकासमोर धरली, पिन स्वच्छ आहे, बघ. तिनं हेडफोन काढून त्याच्या डोक्यावर घातला, मग ऐक तूच. दोघांपैकी कोणी चकार शब्द काढत नव्हतं आणि खोलीत असं भांडण चाललं होतं, की बाईंनी चष्मा चढवला. शेवटी त्यानं सेटिंग उघडलं. कोणा विद्यार्थ्यानं डाव्या बाजूचा आवाज खेचून शून्यावर नेऊन ठेवला होता. त्यानं तो वर केला. तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि वर जीभ दाखवली.

बाराव्या मशीनला तिचे कान गुलाबी झाले, विसाव्याला टोमॅटो. मी पाणी नेऊन दिलं. "हे संपलं," ती म्हणाली, "की मी या माणसाचं तोंड बघणार नाही." तो पाठमोरा होता, म्हणून तिनं ते अगदी मोकळ्या आवाजात सांगितलं. बाईंनीही ते ऐकलं.

"अहो," बाई त्याला म्हणाल्या, "मघाच्या त्या सतराव्याचं काय झालं?"

फुरसं एकविसाव्याखाली शिरत होता.

"सतरावं! अहो!"

"काम करताना ते बोलत नाहीत," मी पुढे होऊन म्हणालो. "लिहून द्यावं लागतं. पद्धत आहे त्यांची."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग बायकोच्या कानांकडे, मग टेबलाखालून दिसणाऱ्या फुरशाच्या पायांकडे. त्यांनी काही लिहून दिलं नाही. हातातला तक्ता टेबलावर सरळ केला आणि त्या थांबल्या.

सव्वाबाराला तिसावं मशीन झालं. तीसच्या तीस हेडफोन दोन्ही कानांनी बोलत होते. सतराव्याची पिन सैल होती ती बदलली, सत्ताविसाव्याला हेडफोनची पिन माइकच्या भोकात होती ती जागेवर आली. एवढं चोख काम गेल्या कित्येक वर्षांत झालं नसेल. बाईंनी तक्ता पुढे सरकवला. तळाशी छापलेलं होतं: 'वरील सर्व हेडफोन मी स्वतः ऐकून तपासले आहेत.' आणि सहीची जागा.

फुरशानं पेन उघडलं. टोक कागदाला टेकवलं आणि तिथंच ठेवलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"करा ना सही," बायको त्याच्यासमोर वाकून, ओठ नीट हलवत म्हणाली. "कोण विचारतंय? तीस झालेत. मी सांगते ना."

"तुम्ही मधे बोलू नका," तो म्हणाला.

"अहो, माझे कान बघा! सकाळपासून कशासाठी भाजून घेतले मी?"

"बोलू नका म्हटलं ना!"

त्यानं बाईंचा तक्ता बाजूला केला. पिशवीतून आपलं पॅड काढलं आणि खाली मान घालून भरलं. नाव, स्वतःचं. पत्ता, दुकानाचा. काय होतंय? 'चार वर्षं ऐकू येत नाही. आज हेडफोन यांनी ऐकले, मी नाही.' याआधी कोणी हात लावला, त्या आठ ओळी कोऱ्या सोडल्या. कागद फाडून बाईंपुढे ठेवला.

बाईंनी तो दोनदा वाचला. त्याच्याकडे सरळ बघत, एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या, "मग आवाजाचा करार मी तुमच्याकडे कसा ठेवू?"

"ठेवू नका," फुरसं म्हणाला. "पण तुमच्या पोरांना माइकचं भोक कुठलं ते शिकवा. तीसमध्ये एकाला कळत नाही. परक्या भाषा शिकताहेत!"

पिशवी माझ्या हातून हिसकावून तो पायऱ्या उतरला. बायको त्याच्यामागे धावली. तिच्या तोंडाला जे येईल ते ती बोलत होती. मूर्ख, आडमुठा, सगळ्या सकाळची माती केलीत, ताईला काय तोंड दाखवणार? तो तिच्यापुढे दहा पावलं होता. त्याच्यापर्यंत त्यातला एक शब्द पोचला नाही. चौकात तो थांबला, वळला, तिचं हलणारं तोंड थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "लिहून द्या."

करार दुसऱ्या माणसाकडे गेला. ताईनं फुरशाला धरून डॉक्टरकडे नेलं आणि कानात घालायचं यंत्र आणलं. ते घातल्यावर त्याला पहिल्यांदा ऐकू आली ती ताई. मग दुकानासमोरचा टायरवाला. मग, ताई सांगते, गिऱ्हाइकावर ओरडताना स्वतःचा आवाज. तो मध्येच थांबला आणि 'कोण ओरडतंय?' म्हणून त्यानं मागे बघितलं. यंत्र आठ दिवस टिकलं. आता ते दुकानातल्या खणात आहे, सुट्या पिनांच्या डबीशेजारी.

फुरसं सध्या फक्त प्रिंटर दुरुस्त करतो. आमच्याकडे प्रिंटर नाही.